कपाटातला फ्रीज

आमच्या बाई कुणाच्याही घरी गेल्या की दारात चप्पल काढायच्या आणि थेट स्वयंपाकघरात शिरायच्या. बैठकीत बसून "कसं काय, बरं आहे का" हा प्रकार त्यांना जमायचाच नाही. घरचा माणूस सतरंजी झटकेपर्यंत बाई आत फळीसमोर उभ्या असायच्या आणि एकेका डब्याचं झाकण काढून नाक आत घालायच्या. एकदा आमच्या वर्गातल्या एका मुलीच्या साखरपुड्याला आम्ही सगळ्या गेलो होतो. कुंकू लावायची वेळ झाली तरी बाई सापडेनात. शेवटी सापडल्या त्या धान्याच्या कोठीत. त्या आणि नवरीची आजी, दोघी हरभऱ्याच्या पोत्यात डोकं घालून बसल्या होत्या. हरभऱ्याला भुंगे लागले होते. आजीचा चेहरा पडला होता आणि बाईंचा फुलला होता.

बाई कळमनुरीच्या आमच्या शाळेत अकरावी-बारावीला गृहविज्ञान शिकवायच्या. हिंगोली नुकताच वेगळा जिल्हा झाला होता, त्या सुमाराची ही गोष्ट. बाई ठेंगण्या, सावळ्या, चालताना कायम थोड्या पुढे झुकलेल्या. पर्समध्ये कडुलिंबाचा वाळलेला पाला. तो डब्यात घालायला बरा, कोण कुठे भेटेल सांगता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. एसटीत तिकिटाचे पैसे काढताना पाला सांडायचा. वर्गात हजेरी घेताना कॅटलॉगमधून पाला सांडायचा. बाई आत्ता कुठून कुठे गेल्या, हे आम्हाला कधी कुणाला विचारावं लागलं नाही.

त्यांचं एक वाक्य होतं. ते त्या दिवसातून दहा वेळा म्हणायच्या. "मागचं म्होरं!" डबा भरायचा तर जुनं आधी काढायचं, नवं खाली आणि जुनं वर. फळी लावायची तर मागचा डबा पुढे आणि पुढचा मागे. "मानूस काय करतंय," त्या सांगायच्या, "नवं आनलं की म्होरं ठिवतंय अन् जुनं ढकलतंय मागं. मागचं मागंच सडतं. त्याला कुनी हात लावत न्हाई, अन् मंग आपनच बोंबलतो की कीड लागली. कीड लागत न्हाई पोरींनो, आपन लावतो."

हे त्यांनी डब्यांपुरतं ठेवलं असतं तर चाललं असतं. पण दर सोमवारी वर्गात आल्या की त्या टेबलावर डस्टर आपटायच्या आणि ओरडायच्या, "मागचं म्होरं!" मग शेवटच्या बाकावरच्या मुली दप्तर उचलून पहिल्या बाकावर आणि पहिल्या बाकावरच्या शेवटी. तहसील कचेरीतल्या साहेबांची मुलगी होती, तिला पहिल्या बाकाची फार सवय. तिनं घरी तक्रार केली. साहेब स्वतः भेटायला आले. बाईंनी त्यांना विचारलं, "साहेब, तुमच्या घरी शेंगदाण्याचा डबा कुठं असतो?" साहेबांना ते माहीत नव्हतं. तक्रार तिथेच संपली.

मी मूळची शेवटच्या बाकावरची. डोंगरकड्याजवळच्या तांड्यावरून एसटीनं यायची. तांड्यावरून दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली मुलगी आणि गेले तेही एका अटीवर, वर्गात मुलं नकोत. वडिलांनी चौकशी केली होती, की हे गृहविज्ञान म्हणजे काय. कुणीतरी सांगितलं, घरकाम शिकवतात, शिकवणारी बाई आहे आणि वर्गात सगळ्या पोरीच आहेत. "घरचंच शिकवतेत व्हय?" वडील म्हणाले. "मंग जाऊ द्या." आमच्या वर्गातल्या निम्म्या जणींचं असंच होतं. हा विषय होता म्हणून आम्ही घराबाहेर होतो.

आता बाईंच्या स्वतःच्या घराचं सांगते. बसस्टँडमागे दोन खोल्यांत त्या एकट्या राहायच्या. फळीवर मोजके डबे, सगळे आरशासारखे चकचकीत घासलेले. होळी पेटली की दुसऱ्या दिवशी त्यांचं घर अंगणात यायचं. डबे, बरण्या, पाटा-वरवंटा, झारे, सगळं उन्हात. फळ्यांवरचे जुने पेपर काढायचे, भिंतीचा कोपरा न् कोपरा झाडायचा, डबे राखेनं घासून पालथे घालायचे. डबा आतून कोरडा झाला का हे त्या हात घालून बघायच्या नाहीत, गाल लावून बघायच्या. "हाताला ओल कळत न्हाई, गालाला कळती." मग तूरडाळीला एरंडेल, तांदळात हळकुंडं, गव्हात कडुलिंबाचा पाला. पाडव्याला गुढी उभी राहायची तेव्हा घरात मागच्या वर्षीचा एकही दाणा बेवारस पडलेला नसायचा. फ्रीज मात्र त्यांच्याकडे नव्हता. का नाही, विचारलं तर म्हणायच्या, "माझ्याकडं उरतच न्हाई काही. काय ठेवू त्यात, पाला?"

पण अभ्यासक्रमात फ्रीज होता. पुस्तकात त्याला शीतकपाट म्हटलं होतं आणि त्याची स्वच्छता आणि मांडणी हे प्रात्यक्षिक होतं. आता शाळेत फ्रीज कुठून येणार? आमच्यातल्या बऱ्याच जणींनी फ्रीज पाहिलाही नव्हता. मी कोल्ड्रिंकच्या दुकानात पाहिला होता, तोही लांबून. बाईंनी एक दिवस गृहविज्ञानाच्या खोलीतलं लोखंडी कपाट रिकामं केलं, आतून पुसलं आणि खडूनं खाने आखले. वर बर्फ. त्याखाली दूध. मधे शिजवलेलं अन्न. तळाला भाजी. दाराच्या आत खडूनं अंडी काढली आणि वरच्या कोपऱ्यात एक दिवा काढला, कारण दार उघडलं की दिवा लागतो असं पुस्तकात होतं. "नावात कपाट हाय ना," बाई म्हणाल्या, "मंग झालं. गारव्याचं आपन बघून घेऊ."

सामानही तसंच. शाईची बाटली म्हणजे दूध. खडूचा खोका म्हणजे लोणी. डस्टर म्हणजे पाव. नकाशाची गुंडाळी म्हणजे पालकाची जुडी. आम्ही वर्षभर अत्यंत गंभीरपणे लोणी दुधाच्या शेजारी ठेवलं. एकदा इतिहासाचे सर शाईची बाटली उचलून घेऊन गेले, तर बाई थेट शिक्षकांच्या खोलीत जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आमचं दूध कुनी नेलं?" सरांनी हातातल्या चहाकडे पाहिलं आणि कप खाली ठेवला.

आणि सगळ्यात मोठा वेडेपणा पुढेच आहे. आम्ही कपाट लावून पाव आणि पालक जागेवर ठेवून उभ्या राहिलो की बाई अचानक जोरात टाळी वाजवायच्या. "लाइट गेली!"

मग पळापळ. एकीनं कपाटाच्या दारावर हात ठेवून उभं राहायचं, कुणालाही उघडू द्यायचं नाही. बाकीच्यांनी आत काय काय आहे ते आठवायचं, नुसतं तोंडानं, दार न उघडता. कशाला किती दम आहे ते ठरवायचं. मग ओलं पोतं, माठाखालची वाळू, तापवायचं भांडं, सगळं हाताशी घ्यायचं आणि मगच दार उघडायचं. एकदाच. जे आधी नासणार ते बाहेर, बाकीचं पोत्यात गुंडाळून परत आत, दार बंद. दुसऱ्यांदा दार उघडलं की बाई पट्टी आपटायच्या. कळमनुरीत तेव्हा लाइट येण्यापेक्षा जाण्याचाच भरवसा जास्त होता, आणि फ्रीज शिकवायचा तर लाइट गेल्यापासून शिकवायला हवा, असं बाईंचं ठाम मत होतं. शेजारच्या वर्गातली मुलं खिडकीतून बघून हसायची. त्यांचं काही चुकत नव्हतं. ओल्या पोत्यात शाईची बाटली गुंडाळणाऱ्या पोरी पाहून मीही हसले असते.

हेडसरांना मात्र हसू येत नव्हतं. शाळेत संगणक यायचे होते आणि त्यांना आमची खोली हवी होती. माणूस वाईट नव्हता, पण त्याच्या डोक्यात आता संगणकाशिवाय काही मावत नव्हतं. होळीच्या आदल्या आठवड्यात त्यांनी बाईंना आमच्यासमोरच विचारलं, "बाई, शाळेत फ्रीज न्हाई अन् तुमी फ्रीज शिकवून राहिल्या. हा विषय हाय का नाटक?" मग त्यांनी सांगून टाकलं. नांदेडहून तपासणीस मॅडम येणार होत्या. त्या हेच प्रात्यक्षिक बघणार, खऱ्या फ्रीजवर, आणि त्यांनी शेरा चांगला दिला नाही तर जूनपासून गृहविज्ञान बंद. बाईंना दुसऱ्या शाळेवर पाठवणार, आणि आम्हाला दुसरे विषय घेता येतील. दुसरे विषय म्हणजे मुलांच्या वर्गात बसायचं. माझ्या वडिलांनी काय म्हटलं असतं ते मला न विचारता माहीत होतं. त्या दिवशी एसटीत मी खिडकीकडे तोंड करून रडले, हे आज सांगायला हरकत नाही.

बाई रडल्या वगैरे नाहीत. त्या दुसऱ्या दिवशी आम्हाला घेऊन आडतवाल्या काकूंच्या घरी गेल्या.

या काकूंच्या घरची मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, आडत होती आणि त्यांच्या बैठकीत फ्रीज होता. सुनेच्या माहेरून, डोंगरकड्याहून, आंदणात आलेला. गावात बऱ्याच जणांनी तो पाहिला होता, कारण तो बघण्यासाठीच ठेवला होता. अंगावर विणलेलं पोपटाचं कव्हर, डोक्यावर प्लॅस्टिकची फुलं आणि दाराला कुलूप. किल्ली काकूंच्या कमरेला. फ्रीज आल्यापासून एकदाही सुरू झाला नव्हता. करंट मारेल, जळून जाईल, मग व्याह्यांना काय तोंड दाखवू, अशी काकूंची भीती. आत सुनेच्या लग्नातल्या साड्या आणि तांब्याचे गडू रचून ठेवले होते. ती सून म्हणजे आमच्या बाईंचीच जुनी विद्यार्थिनी. अकरावी झाली आणि लग्न झालं. आम्ही तिला ताई म्हणायचो. ताई स्वतः माठातलंच पाणी प्यायची.

"काकू, फ्रीज पायजे," बाई उभ्या उभ्याच म्हणाल्या.

"काय पायजे?"

"फ्रीज. एका दिसासाठी. शाळेत न्यायचाय."

काकू आधी हसल्या आणि मग हसायच्या थांबल्या. "बाई, डोकं ठिकानावर हाय का? मी सुनंला त्याला हात लावू देत न्हाई, अन् तुमाला शाळंत देऊ?"

बाईंच्या नाकपुड्या हलल्या. त्या वळल्या आणि आतल्या दाराकडे बघत म्हणाल्या, "काकू, तुमच्या कोठीत रव्याला जाळी धरलीय. अन् तेलाची बरनी पाझरून राहिली."

"कुनी सांगितलं तुमाला?"

"वास सांगून राहिला."

काकू आत गेल्या. बराच वेळ आल्या नाहीत. आल्या तेव्हा त्यांच्या हाताला तेल लागलं होतं. बाईंनी तिथल्या तिथे सौदा सांगितला. पाडव्याच्या आत काकूंची सगळी कोठी आणि स्वयंपाकघर आमच्या पोरी साफ करून, लावून देतील. त्या बदल्यात फ्रीज. काकू म्हणाल्या, "कोठी करायची तर करा. फ्रीजचं मी काही कबूल करत न्हाई." बाई म्हणाल्या, "बराबर हाय. आदी कोठी बघा."

रंगपंचमी झाल्यावर आम्ही गेलो. अंगणात हळद शिजवलेल्या कढईचा वास अजून रेंगाळत होता. ती कोठी मी जन्मात विसरणार नाही. आडतवाल्याचं घर, त्यामुळे धान्य येतच राहायचं आणि आलेलं पुढे पुढे रचलं जायचं. पोत्यांमागे पोती, डब्यांमागे डबे, बरण्यांवर बरण्या. आम्ही रांग केली आणि हातोहात सगळं अंगणात काढलं. रव्याची जाळी उचलली तर रुमालासारखी अख्खी वर आली. तिळाच्या डब्यात तीळ होते की भुंगे हे ठरवायला परात लागली. एकीनं भिंती झाडल्या, एकीनं फळ्या सोड्याच्या पाण्यानं पुसल्या, ताई विहिरीवरून पाणी आणून डब्यांवर ओतत होती आणि बाई कंबर कसून मधे उभ्या. प्रत्येक डब्याला गाल लावून. "वला हाय. ठेव उन्हात. हा कोरडा. ह्यात डाळ. जुनी वर, नवी खाली!"

दुपारी मी स्टुलावर चढून वरच्या फळीच्या अगदी मागच्या कोपऱ्यात हात घातला. रिकाम्या पिंपाच्या पाठीमागे एक पितळी डबा होता. जड. मी तो खाली दिला आणि बाईंनी झाकण काढलं. खारका आणि खोबरं. खारकांना भोकं पडली होती, खोबरं पिवळं होऊन खवट वास मारत होतं.

ताईच्या हातातली बादली तिथेच राहिली. मग तिनं हळू आवाजात सांगितलं. मागच्या वर्षी हा डबा हरवला होता. काकूंच्या लेकीच्या बाळंतपणासाठी आणलेलं खारीक-खोबरं. सुनेनं माहेरी पोचवलं, असं काकू तेव्हापासून आल्या-गेल्याला सांगत होत्या. ताईनं शपथा घेतल्या होत्या, जेवण सोडलं होतं, तरी ऐकलं नव्हतं कुणी.

आम्ही सगळ्या बाईंकडे बघायला लागलो. मला वाटलं, आता बाई काकूंना हाक मारतील आणि असं काही सुनावतील की बस. मला ते ऐकायचंही होतं. बाईंनी फक्त डबा पुसला. मग त्या आत गेल्या आणि धुऊन कोरड्या केलेल्या पहिल्या फळीवर, सगळ्यात पुढे, दारातून पाऊल टाकल्या टाकल्या नजरेला पडेल असा तो ठेवला.

संध्याकाळी कोठी लागली. काकू बघायला आल्या. पोती भिंतीपासून हातभर सरकवलेली, डबे उंचीप्रमाणे, जुनं पुढे नवं मागे, सगळीकडे पाल्याचा कडवट वास. काकूंची नजर फिरता फिरता पहिल्या फळीवर थांबली. त्यांनी डबा उचलला, झाकण काढलं, आत पाहिलं आणि पुन्हा लावलं. मग उंबऱ्यावर बसल्या. काकूंनी कमरेचा जुडगा सोडला आणि त्यातली एक किल्ली काढून बाईंच्या हातात दिली.

"सांभाळून न्या," एवढंच म्हणाल्या. "मी संगं येनार."

फ्रीज निघाला तो आडतीच्या बैलगाडीतून. त्याला गोधडीत गुंडाळला होता, चारी बाजूंनी पोती लावली होती आणि काकू गाडीत बसून त्याला दोन्ही हातांनी मिठी मारून होत्या. पुढे बाई छत्री उघडून, मागे आम्ही सगळ्या आणि सगळ्यांच्या मागे डोक्यावर पदर घेऊन ताई, कारण काकूंना पाण्याचा तांब्या धरायला कुणीतरी हवं होतं. गोधडीतून पोपटाचं कव्हर डोकावत होतं. बसस्टँडसमोर लोक उभे राहून बघत होते. कुणीतरी ओरडून विचारलं, "कुनाचं लगीन हाय वो?" बाई मागे न बघता म्हणाल्या, "आमचंच!" मला इतकं हसू आलं की चालता येईना.

तपासणीच्या दिवशी सकाळीच वर बर्फासाठी पाणी ठेवून फ्रीज सुरू केला. तो घरघरला तेव्हा काकूंनी डोळे मिटून हात जोडले. तपासणीस मॅडम सडपातळ, थकलेल्या, सारखा घाम पुसणाऱ्या. हेडसर त्यांच्या शेजारी खुर्ची टाकून बसले. टेबलावर खरं सामान मांडलं होतं. खरं दूध, खरं लोणी, वरण, काकडी, खरा पाव, खरी पालकाची जुडी.

पहिली मुलगी गेली. तिनं दार उघडलं, आत दिवा लागला आणि तिनं झटक्यात हात मागे घेतला. "बाई, आत गार हाय!"

हेडसर हसले. मॅडमनी वर पाहिलं. दुसरीनं दुधाचं भांडं उचललं आणि ती तशीच उभी राहिली, कारण आत खडूच्या रेघा नव्हत्या आणि रेघांशिवाय दूध कुठे ठेवायचं हे तिला कळेना. तिसरी त्या साहेबांची मुलगी. तिनं हातात पाव घेतला, बाईंकडे पाहिलं आणि मोठ्यानं विचारलं, "बाई, डस्टर कुठं ठेवू?"

पाव तिच्या हातातच राहिला, बाकीचं सामान बाईंनी खुणावून कसंबसं आत लावून घेतलं. आता हेडसर खुर्चीत मागे रेलून हसत होते. मॅडमनी कागदावर काहीतरी लिहिलं. बाईंचा चेहरा मी पहिल्यांदाच तसा पाहिला, उतरलेला. पुढचा नंबर माझा होता. मी उठले, फ्रीजपाशी गेले आणि तेवढ्यात डोक्यावरचा पंखा मंदावत मंदावत थांबला. फ्रीज एकदा हादरला आणि गप्प झाला.

"गेली लाइट," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी फाइल मिटली. "आता काय दाखवणार? राहू द्या." हेडसर उठलेच.

तोच खोलीत टाळी वाजली. अशी टाळी मी पुन्हा ऐकली नाही.

"लाइट गेली!"

विचार वगैरे कुणी केला नाही. पाव धरलेली साहेबांची मुलगी एका उडीत फ्रीजच्या दाराशी जाऊन त्यावर हात ठेवून उभी राहिली. दोघी पोतं भिजवायला पळाल्या. मी दाराकडे पाठ करून मोठ्यानं म्हणायला लागले, आत काय आहे. दूध, वरच्या खान्यात. वरण, मधे. लोणी. पालक, तळाला. काकडी. वरण दुपारी लागतंय, आधी काढायचं. दूध तापवायचं. पालक ओल्या फडक्यात. लोणी पाण्यात. बर्फ पोत्यात घालून आतच ठेवायचा, काकडीजवळ. मग मी मान हलवली आणि दार उघडलं. आत अंधार होता, अगदी आमच्या कपाटासारखा, आणि त्या अंधारात माझ्या हाताला सगळं आपोआप सापडत गेलं. नासणारं बाहेर, पोतं आत, दार बंद. स्टोव्हवर दूध चढलं. कुणी कुणाला धडकलं नाही. वर्षभर आम्ही ज्या फ्रीजवर शिकलो त्यात कधी लाइट नव्हतीच.

मॅडम उभ्या राहिल्या होत्या. "आत नासणारं आणखी काही राहिलं का ते परत बघितलं नाहीस?"

"गारवा एकडाव मिळतो मॅडम," मी म्हणाले. "बघायला उघडलं की तेवढा बी जातो."

"हे पुस्तकात कुठे आहे?"

"पुस्तकात न्हाई," बाई मधेच म्हणाल्या. "कपाटात हाय."

मॅडमना काही समजलं नाही. तेव्हा बाईंनी कोपऱ्यातलं लोखंडी कपाट उघडून दाखवलं. खडूची अंडी, खडूचा दिवा, लोण्याचा खोका, दुधाची बाटली. मॅडम बघत राहिल्या आणि मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "अहो, नांदेडला रोज जाते लाइट," त्या म्हणाल्या. "कालच माझं अख्खं दूध नासलं. दहा वेळा उघडून बघत होते मी." त्यांनी पदर खोचला. "परत करा एकदा. मी उभी राहते दाराशी." आणि आमच्या बाईंनी पुन्हा टाळी वाजवली.

शेरा त्यांनी तिथेच लिहिला आणि हेडसरांना वाचून दाखवला. हा वर्ग बंद करू नये. शाळेनं या मुलींना फ्रीज घ्यावा आणि कपाटही राहू द्यावं. हेडसरांनी शेरा दोनदा ऐकला आणि मग, खोटं कशाला बोलू, सगळ्यात आधी टाळ्या त्यांनीच वाजवल्या. आम्ही ओरडलो, नाचलो, एकमेकींना मिठ्या मारल्या. मी बाईंना मिठी मारली तेव्हा त्यांच्या खांद्यावरून कडुलिंबाचा पाला सांडला.

ऊन उतरल्यावर फ्रीज परत निघाला. काकू पुन्हा गाडीत, फ्रीजला मिठी मारून. बाई गाडीच्या चाकाजवळून चालत होत्या. आम्ही सगळ्या गात, ओरडत मागे आणि सर्वांत मागे ताई. वळणावर बाई सहज बोलल्यासारखं म्हणाल्या, "काकू, तुमच्या सुनंची बारावी मागं राहिलीय."

काकूंनी मागे वळून रस्त्याकडे पाहिलं. मग गाडीवानाला थांबायला सांगितलं आणि अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल अशी हाक मारली, "अगं, मागं काहून चालून राहिलीस? ये की म्होरं! तुजाच फ्रीज हाय, तूच धर." ताई पळत आली, गाडीत चढली आणि रडायला लागली. काकूंनी तिच्या हातातला तांब्या काढून घेतला आणि बाईंना म्हणाल्या, "घ्या म्हनावं बारावीला. जूनमंदी."

जूनमध्ये वर्ग भरून वाहत होता, बाकं कमी पडली. माझ्या वडिलांनी या वेळी कुणाला काही विचारलं नाही. ताई आली, नवी वही घेऊन, पितळी डब्यातून खारकांचे लाडू घेऊन. ताजे, काकूंनी केलेले. आम्ही दोघी ठरवून पहिल्या बाकावर बसलो. मला वाटलं, आता इथून आम्हाला कोण उठवतंय?

सोमवारी बाई आल्या, टेबलावर डस्टर आपटलं आणि आम्हा दोघींना शेवटच्या बाकावर पाठवून दिलं. आमच्या जागी खेड्यांवरून आलेल्या दोन नव्या पोरी दप्तर छातीशी धरून, बिचकत बिचकत, पुढे येऊन बसल्या.